प्रतिसाद: चिंध्या आणि नवस

आयर्लंडमध्ये पवित्र मानलेल्या विहिरीजवळच्या झाडाला चिंध्या बांधतात, ते म्हणजे आपला नवसच, असं या चर्चेत कोणीतरी लिहिलंय. थोडं पटलं, पण पूर्ण नाही. आयर्लंडमधल्या जुन्या रीतीत कापड आजारी माणसाच्या अंगावरचं असतं, ते विहिरीच्या पाण्यात भिजवून दुखऱ्या जागेला लावायचं आणि मग झाडाला बांधायचं, ते कुजत जाईल तसतसं दुखणं जाणार. म्हणजे मागणं कमी आणि दुखणं झाडाच्या गळ्यात घालणं जास्त! म्हणूनच दुसऱ्याची चिंधी कोणी सोडत नाही, नाहीतर ते दुखणं आपल्या मागे लागतं म्हणे. आता लोक नायलॉनच्या रिबिनी बांधतात, त्या कधी कुजायच्या?

मी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या लिस्कॅनर गावाजवळची सेंट ब्रिजिड या आयरिश संत बाईंची विहीर पाहिलीय, तिथले मोहरचे समुद्रकडे बघायला गेलो तेव्हा. बाहेर काचेच्या पेटीत ब्रिजिडचा पुतळा, आत दगडी बोळ, ओल इतकी की भिंतीला लावलेले गेलेल्या माणसांचे फोटो आणि कार्डं फुगून वाकडी झालेली, मधे जपमाळा लटकतायत आणि टोकाला पाण्याचा आवाज. तिथल्या पाण्यात बाम मासा दिसला तर गुण येतो असं मानतात. मला काही दिसला नाही.

अजून एक, १९३७ ते ३९ मध्ये आयर्लंडमधल्या शाळकरी पोरांकडून गावोगावच्या दंतकथा वह्यांत लिहून घेतल्या होत्या, त्या आता ऑनलाइन फुकट आहेत. त्यात पवित्र विहिरीचं पाणी कितीही जाळ लावला तरी उकळत नाही, आणि विहिरीत कपडे धुतले तर ती रुसून दुसरीकडे निघून जाते, असल्या गोष्टी भरपूर सापडतात.