मदत हवी आहे: आईसाठी डीडी फ्री डिश घ्यावी का?

नमस्कार मंडळी. गावी आई एकटीच असते. तिच्या टीव्हीला मी दर महिन्याला साडेतीनशेचा रिचार्ज मारतो. ती बघते काय, तर सातच्या बातम्या, कीर्तन आणि एक मालिका. वर पेन्शनमधून ते पैसे हट्टाने माझ्या हातावर ठेवते, ते फार लागतं मनाला.

डीडी फ्री डिशला छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचे पैसे नाहीत. सह्याद्री तर दिसतंच. एमपेग-४ म्हणजे नव्या प्रकारच्या बॉक्सवर जास्त चॅनल येतात, एवढं कळलंय. पण तिची मालिका खासगी वाहिनीवरची आहे; ती बंद झाली तर तिची संध्याकाळ सुनी होईल.

कोणी घरी बसवलीय का? मराठी चॅनल कोणकोणते दिसतात? जुनीच छत्री फिरवून चालते का? मुसळधार पावसात चित्र किती वेळ जातं? गणपतीत गावी जाणार आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.