ईसीएम बदलण्याआधी अर्थिंग तपासा

गगनबावड्याच्या पावसात मीटरवरचे एबीएस, इंजिन, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम लागतात, कोल्हापुरात गॅरेजला नेली की गाडी ठणठणीत, आणि आता ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बदला म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून एवढ्यात बदलू नका. एकमेकांशी संबंध नसलेल्या यंत्रणा एकाच वेळी बिघडल्यासारख्या दिसतात तेव्हा आधी बॅटरी टर्मिनल आणि अर्थिंगच्या पट्ट्या (बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनला आणि बॉडीला जोडणाऱ्या जाड वायरी) बघायच्या. लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) आतला हिरवट गंज वरून दिसत नाही.

कुणी कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का, हे मल्टिमीटरच्या बीपवरून बघणं) तपासायला सांगेल, पण ते इथे पुरत नाही. त्या चाचणीत मल्टिमीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. हेडलाइट आणि ब्लोअरचा लोड आला की तीच तार कमी पडते.

म्हणून लोडवर व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहताना वाटेत किती व्होल्ट पडतात ते, मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (वायरीच्या क्लॅम्पवर नाही, बॅटरीच्या खुंटीवरच), दुसरा इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ आला तर त्या वाटेवर नक्की गडबड आहे. मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट-ब्लोअर लावून बॉडीवर तेच करा. आकडा बघत बघत हार्नेस (वायरींचा जुडगा) हळूच हलवा, पंख्यापासून हात लांब ठेवून.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या गॅरेजला न्यायची तर भर पावसातच न्या. कोरड्या गाडीत कुणालाच काही सापडणार नाही.