मदत हवी आहे : नवीन सिस्टीम आणायच्या आधी आहे तीच सप्लाय चेन कशी सुधारायची?

नमस्कार मंडळी,

मी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो. सध्या वरच्या लोकांच्या डोक्यात मोठा बदल घोळतोय, नवीन ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारी सिस्टीम), फोरकास्टिंगचं म्हणजे मागणीचा अंदाज काढणारं सॉफ्टवेअर आणि तीन गोडाऊन बंद करून एकच मोठं. माझा बदलाला विरोध नाहीये, पण आज जे चाललंय ते आधी ताळ्यावर आणूया असं मला मनापासून वाटतं आणि ते मीटिंगमध्ये पटवून देता येत नाहीये, म्हणून हा धागा.

नेमकं काय होतं ते सांगतो. ट्रक येतो, माल उतरतो, पण इन्स्पेक्शन झाल्याशिवाय जीआरएन (माल मिळाल्याची सिस्टीममधली नोंद) करायची नाही असा नियम आणि इन्स्पेक्शनला माणूस एकच, त्यामुळे खोकी रिसीव्हिंगला दोन-दोन दिवस पडून राहतात. सिस्टीममध्ये स्टॉक शून्य. प्रॉडक्शनवाले ओरडतात, पर्चेसवाला घाबरून परत ऑर्डर टाकतो आणि काही महिन्यांनी तोच जास्तीचा माल नॉन-मूव्हिंगच्या लिस्टमध्ये निघतो. उद्या सॉफ्टवेअर कितीही भारी आणलं तरी त्याला हेच शून्य मिळणार ना? आणि ते आपोआप ऑर्डर काढणार, म्हणजे आज निदान कोणीतरी फोन करून विचारतो तेही बंद.

दुसरं म्हणजे लीड टाइम, म्हणजे ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस. मास्टरमध्ये (सिस्टीममधली आयटमची मूळ माहिती) बऱ्याच आयटमना ७ दिवस टाकलेत कारण कोड उघडताना तोच आकडा आपोआप येतो आणि पुढे कोणी बदलत नाही. माल येतो १२ दिवसांनी. रोजचा खप ४० नग धरला तर ऑर्डर ४८० नग शिल्लक असताना निघायला हवी, ती निघते २८० ला, सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठी ठेवलेला जादा माल) वेगळाच. म्हणजे पाच दिवसांचा खड्डा आपणच खणून ठेवलाय, आणि शिव्या सप्लायरला.

तीनचं एक गोडाऊन केलं की स्टॉक ४२ टक्के कमी होईल असं कन्सल्टंटने दाखवलंय. ते वर्गमूळाचं गणित (स्टॉक गोडाऊनच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात लागतो, म्हणून तीनचं एक केलं की १/√३, सुमारे ५८ टक्केच) मला माहीत आहे, पण ते फक्त सेफ्टी स्टॉकला लागू होतं, तेही तिन्हीकडची मागणी साधारण सारखी आणि एकमेकांशी संबंध नसलेली असेल तरच. आमच्याकडे एकाच बोल्टला दोन कोड आहेत, एकावर ढीग आणि दुसऱ्यावर टंचाई, तिथे कोणता सेफ्टी स्टॉक मोजणार?

१९९९ मध्ये अमेरिकेत हर्शी या चॉकलेट कंपनीने नवीन सिस्टीम घाईघाईत, ऐन हॅलोवीनच्या सीझनच्या तोंडावर चालू केली आणि माल हातात असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पाठवता आल्या नाहीत. हे मीटिंगमध्ये सांगितलं तर उत्तर आलं की ती मोठी कंपनी, आपलं वेगळं.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, सुरुवात कुठून करू, आणि वरच्यांना पटेल असं काय दाखवू?

प्रतिसाद :

जीआरएनचा तिढा नियम न मोडता सुटतो. माल गेटवर आला की लगेच 'क्यूसी होल्ड' म्हणजे तपासणी बाकी असलेल्या स्टॉकमध्ये घ्या, वापरायला मिळणार नाही पण प्लॅनिंगला दिसेल. बहुतेक ईआरपीत ही सोय असतेच, आधी तुमच्या आत्ताच्या सिस्टीममध्ये शोधा. मग फक्त ए क्लासचे (ज्यांच्या खपाची किंमत सर्वात जास्त असे) आयटम घ्या आणि रोज थोडे थोडे मोजा, वर्षातून एकदा सगळं बंद ठेवून मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण फरक सापडला तर कारण अजून ताजं असतं. एमआरपी (कोणता माल कधी, किती लागेल हे सिस्टीमने काढणं) चालवायची तर स्टॉकची अचूकता निदान ९५ टक्के आणि बीओएमची (एका उत्पादनाला लागणाऱ्या भागांची यादी) ९८ टक्के हवी हा जुना दंडक आहे. त्याखाली असाल तर तोच आकडा मीटिंगमध्ये ठेवा. आणि आजचं ओटिफ मोजून ठेवा, किती ऑर्डरी वेळेवर आणि पूर्ण गेल्या ते. ते नसेल तर नवीन सिस्टीमने काय दिलं हे उद्या कोणालाच सांगता येणार नाही, हा मुद्दा फायनान्सवाल्यांना बरोबर कळतो.

धागाकर्ता :

खूप आभार! क्यूसी होल्डचं उद्याच आयटीला विचारतो. गेटचं रजिस्टर कागदावर आहे, त्यातल्या ए क्लासच्या एन्ट्री एक्सेलला चढवून पीओ (खरेदीची ऑर्डर), गेट आणि जीआरएन अशा तीन तारखा शेजारी शेजारी लावतो, म्हणजे सप्लायरचा उशीर किती आणि आपला किती ते वेगळं दिसेल. फक्त एक सांगा, लीड टाइमचा मास्टर तुमच्याकडे कोणाच्या ताब्यात असतो, पर्चेसच्या की प्लॅनिंगच्या? आमच्याकडे दोघंही म्हणतात आमचं काम नाही, आणि हे ठरल्याशिवाय आज दुरुस्त केलेले आकडे सहा महिन्यांनी परत ७ वर येतील अशी भीती वाटते.