वापरलेली सायकल घ्यावी, पण साखळी मोजून

रोज सात किलोमीटरवरच्या कार्यालयात जाण्यासाठी नवी गिअरची सायकल घ्यावी, वापरलेली घ्यावी की आजोबांची २८ इंची काळी सायकल दुरुस्त करावी, या आपल्या प्रश्नावर बहुतेकांनी नवीच सुचवली आहे. माझे मत मात्र वापरलेल्या सायकलीकडे झुकते. एका पावसाळ्यात सवय टिकते का, हे कळण्याआधी मोठी रक्कम गुंतवू नये. आजोबांची सायकल मलाही मनापासून आवडली असती, पण तिचे दांड्यांचे ब्रेक लोखंडी रिमवर घासतात आणि रिम ओली झाली की सायकल थांबायला बरेच जास्त अंतर घेते, त्यामुळे पुण्याच्या पावसात, विशेषतः उतारावर, नवशिक्याने तिच्यावर विसंबू नये.

वापरलेली सायकल पाहायला जाताना फूटपट्टी सोबत न्यावी. साखळीच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले, तर तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य १२ इंचांवर यायला हवा. तो एक अष्टमांश इंच पुढे सरकला असेल, तर साखळीबरोबर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दातेही झिजले असावेत, असे धरूनच भाव करावा. चाकाला थोडा आउट, म्हणजे फिरताना डुगडुगण्याइतका वाकडेपणा, असल्यास मिस्त्री तारा आवळून तो काढून देतो. जोडापाशी तडा गेलेली फ्रेम मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.