मदत हवी आहे: विश्वासाबाबत नव्या करारातल्या पत्रांचे लेखक पौल आणि याकोब यांचा मेळ कसा लावायचा?

पौलाच्या पत्रातलं रोमकरांस ३:२८ म्हणतं की माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ म्हणतं, केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनी ठरतो. त्यातून दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचाच, वचनही एकच, उत्पत्ति १५:६. बायबल अभ्यासवर्गासाठी टिपण करायचं आहे. इब्री ११:१ ची विश्वासाची व्याख्या (आशा धरलेल्या गोष्टींची खात्री) घेऊन सुरुवात केली तर चालेल का?

प्रतिसाद १
पत्रं जरा बाजूला ठेवा. आधी उत्पत्तीचे १५, १६, १७ आणि २२ हे अध्याय ओळीने वाचा. गाठ सुटते ती घटनाक्रमात. १५व्या अध्यायात देव तारे दाखवतो, तुझी संतती एवढी होईल म्हणतो. पदरी मूल नसताना अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) ते खरं मानतो आणि तिथेच नीतिमान गणला जातो. त्याचा पहिला मुलगा इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा (१६:१६), सुंता झाली तेव्हा ९९ (१७:२४). म्हणजे सुंता निदान १३ वर्षं नंतरची. पौल रोमकरांस ४:१०-११ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवतो, कारण परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, सुंतेची अट लादली जात होती.

याकोबासमोरची माणसं निराळी. भाऊ उघडा, उपाशी उभा आहे आणि हे म्हणतात, सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा. हातावर मात्र काहीच ठेवत नाहीत (२:१५-१६). असला विश्वास भुतंही धरतात आणि थरथर कापतात (२:१९). म्हणून तो थेट २२व्या अध्यायावर जातो, अब्राहामाने आपला मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवलं तिथे. पौल विश्वासाचं खातं कधी उघडलं ते सांगतो, याकोब ते खातं चालू आहे का ते पाहतो.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पण इब्री ११:१ सुटं उचलू नका, तिथेच बहुतेक टिपणं फसतात. सुरुवात १०:३२ पासून करा. त्या पत्राच्या वाचकांची मालमत्ता लुटली गेली होती (१०:३४) आणि आता माघार घ्यायचा मोह होता. हे डोळ्यांसमोर ठेवलं की ११:१ नुसती मनाची खात्री राहत नाही, टिकून राहणं होतं. शिवाय ११:१७ इसहाकाचं अर्पणही ‘विश्वासाने’ झालं म्हणतं. तुमच्या दोन वचनांमधला सांधा हाच.

धागाकर्ता
आभारी आहे. मग इफिसकरांस २:८-९ कुठे बसवू?

प्रतिसाद १
पौलाच्या बाजूला, पण १०वं वचन जोडूनच. ९व्यावर थांबलात की क्रिया निकालात निघाल्यासारख्या वाटतात. १०वं सांगतं की आपल्याला निर्माणच सत्कृत्यांसाठी केलं. सोबत गलतीकरांस ५:६ घ्या, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास. आणि याकोब वाचून दाखवताना २:२१ वरून एकदम २४वर उडी नको. २३व्यात तो स्वतः उत्पत्ति १५:६ घेतो आणि म्हणतो की तो शास्त्रलेख इथे पूर्ण झाला.