अर्धवट खुणांच्या पोलीस गाड्या मागून ओळखू का येत नाहीत?

बोरिवलीकर

सर्वांना नमस्कार. माझे कार्यालय अंधेरीला आहे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा मी रात्री साडेअकरानंतर पश्चिम द्रुतगती महामार्गाने घरी परततो. मागच्या पावसाळ्यात एका उड्डाणपुलाचा उतार संपतो तिथे डावीकडच्या मार्गिकेत एक पांढरी गाडी उभी होती. पाऊस लागला होता, माझा वेग ताशी साठच्या आसपास होता, आणि समोरची गाडी चालत नसून थांबलेली आहे हे माझ्या लक्षात आले तेव्हा आमच्यात जेमतेम तीस-पस्तीस मीटर उरले असतील. उजवीकडची मार्गिका मोकळी होती म्हणूनच निभावले. शेजारून जाताना दारावरची ‘पोलीस’ ही निळी अक्षरे दिसली. छतावर दिवे नव्हते आणि मागच्या दारावर एकही अक्षर किंवा पट्टी नव्हती.

ती गाडी कोणत्या विभागाची होती हे सांगण्यात मला रस नाही आणि कोणाविरुद्ध तक्रारही करायची नाही, कारण तिच्यात बसलेली माणसे बहुधा आमच्याच सुरक्षिततेसाठी पावसात थांबली होती. मला प्रश्न असा पडला आहे की, गाडीच्या फक्त बाजूंवर खुणा करून मागची बाजू कोरी ठेवण्यामागे काही विचार असतो का? परदेशात अशा अर्धवट खुणांच्या गाड्या मुद्दाम बनवतात असे ऐकले आहे. तसे असेल, तर भरधाव रस्त्यावर तशी गाडी उभी करणे कितपत योग्य आहे?

परावर्तक

बोरिवलीकर, आपण सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. माझा व्यवसाय वाहनांवरच्या परावर्तक पट्ट्यांचा, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सगळे ‘रेडियम’ म्हणतात त्यांचा आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. (त्या पट्ट्यांत रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्लास्टिकचे बारीक लोलक असतात आणि ते आलेला प्रकाश जिथून आला त्याच दिशेने परत पाठवतात.)

‘दिसणे’ आणि ‘ओळखू येणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला ती गाडी दिसली होती, पण ती थांबलेली आहे आणि पोलिसांची आहे हे ओळखू आले नाही. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या गृहखात्याच्या संशोधन शाखेने नेमक्या याच प्रश्नावर काम केले आणि पोलिसांसाठी निळ्या-पिवळ्या चौकटींची रचना तयार केली. त्या नावाच्या चौकटीदार केकवरून तिला बॅटनबर्ग म्हणतात. महामार्गावरची गाडी दिवसाउजेडी ५०० मीटरवरून ओळखू यावी, हे उद्दिष्ट होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने ५०० मीटर कापायला १८ सेकंद लागतात, म्हणजे मागून येणाऱ्याला निर्णय घ्यायला पुरेसा अवधी मिळतो. शहरातल्या कमी वेगाच्या रस्त्यांसाठी त्याच रचनेचे छोटे रूप वापरले जाते, त्याला अर्धे बॅटनबर्ग म्हणतात. मात्र हे ‘अर्धे’ म्हणजे लपवाछपवी नव्हे, कमी वेगाला कमी अंतर पुरते एवढाच त्याचा अर्थ आहे. शिवाय तिथल्या महामार्गावरच्या गाड्यांच्या मागच्या बाजूला लाल-पिवळे तिरके पट्टे असतात, कारण थांबलेल्या गाडीला धोका मागूनच येतो.

आपण ऐकलेला प्रकार अमेरिका आणि कॅनडात आढळतो. गाडीच्या रंगाशी जवळजवळ मिळताजुळता परावर्तक कागद चिकटवतात. दिवसा अक्षरे डोळ्यांत भरत नाहीत, पण रात्री दिव्यांचा झोत पडला की ती उजळतात. याला भुताटकी खुणा म्हणण्याची तिकडे पद्धत आहे. टोरांटोच्या पोलिसांनी २०१६ मध्ये गडद करड्या रंगाची नवी गाडी समोर आणली तेव्हा ती रस्त्यावर नजरेत भरत नाही अशी नागरिकांनी हरकत घेतली आणि त्या रंगाचा फेरविचार करावा लागला.

आता आपल्या पावसाळी रात्रीचा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर पुढे ब्रेक लागून थांबायला पस्तीसेक मीटर सहज लागतात. म्हणजे एकूण साठेक मीटर. खालच्या झोतात गाडीचे दिवे एवढ्या अंतरावरचा कोरा पृष्ठभाग नीट उजळत नाहीत. चांगली परावर्तक पट्टी मात्र त्याच झोतात कितीतरी दुरून चमकते. म्हणून आपण चालवण्यात कमी पडलात असे मनात आणू नका.

दुसरी मार्गिका

मी कामानिमित्त दर आठवड्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जातो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. ठळक पोलीस गाडी दिसली की पुढच्या दोन किलोमीटरपुरते सगळे शिस्तीत चालतात आणि ती मागे पडली की पुन्हा मार्गिका कापणे, डावीकडून ओलांडणे, अवजड वाहनांनी उजवी मार्गिका अडवणे सुरू होते. ही वागणूक पकडायची असेल, तर पोलिसांची सगळीच वाहने लांबून ओळखू येणारी असून चालणार नाही. दुरून साधी वाटणारी गाडी रहदारीत असेल अशी शंका चालकाच्या मनात राहणे ही गोष्ट मला मोलाची वाटते, आणि याच रस्त्यावर जवळची माणसे गमावलेल्या कुटुंबांना भेटल्यावर हे मत अधिकच पक्के झाले आहे.

तरीही बोरिवलीकरांचा मुद्दा मला मान्य आहे. चालती गाडी ओळखू न येणे आणि उभी गाडी ओळखू न येणे यांची तुलना होऊ शकत नाही. ज्या गाडीने गुपचूप निरीक्षण करायचे, तिने मार्गिकेत थांबू नये. आणि जिला थांबावे लागते, तिने लपू नये.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि पहाटेच्या वेळी एकटी गाडी चालवते. माझी काळजी थोडी वेगळी आहे. खासगी गाड्यांच्या काचेवर ‘पोलीस’ अशी पाटी लावलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. दारावर फक्त तीन अक्षरे असलेली साधी गाडी मागे आली आणि तिने थांबण्याची खूण केली, तर ती खरी आहे हे मी दोन सेकंदांत कसे ठरवायचे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार परवाना दाखवण्याचे बंधन गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर आहे. म्हणजे कायद्याने गणवेशाला महत्त्व दिले आहे, पण अंधारात मागच्या गाडीतला गणवेश मला दिसत नाही, मला फक्त गाडी दिसते. अक्षरे कोणीही बाजारातून कापून घेऊ शकतो. ठरलेल्या जागी, ठरलेल्या रंगांचा, संपूर्ण राज्यात एकसारखा आराखडा असेल तर नक्कल करणे निदान अवघड होईल.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ५ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आधीच्या अपघातातील लोकांच्या मदतीसाठी वाहने थांबलेली असताना भरधाव मोटार त्यांच्यावर आदळली आणि ५ जणांचा जीव गेला. तिथे रुग्णवाहिकाही उभी होती. त्या दुर्घटनेमागे खुणांचा अभाव होता असे मी मुळीच म्हणत नाही. पण मदतीला थांबलेला माणूस मुंबईच्या वेगवान रस्त्यांवर किती उघडा असतो, हे माझ्या मनातून जात नाही. पोलीसही तसेच उभे असतात.

परावर्तक

रात्रपाळी, आपला एकसारख्या आराखड्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मात्र चौकटी आणि पट्टे कितीही वाढवले तरी फायदाच होतो असे नाही. नक्षी फार गुंतागुंतीची झाली तर गाडीची आकृतीच तुटते आणि गजबजलेल्या रस्त्यावर ती उलट मिसळून जाते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००९ च्या अभ्यासातही गाडीची बाह्यरेषा परावर्तक पट्टीने अधोरेखित करणे, ती पट्टी दिव्यांच्या झोतात येईल अशी खालच्या भागात ठेवणे आणि दिवसासाठी झगझगीत प्रतिदीप्त (फ्लुरोसंट) रंग वापरणे यांवर भर होता. असे रंग ढगाळ उजेडात आणि संधिप्रकाशात विशेष उठून दिसतात, म्हणजे आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेला ते अगदी योग्य आहेत. मात्र उन्हाने ते फिके पडतात आणि पट्टीवर चिखलाचा थर बसला की परावर्तनही घटते, म्हणून पुसणे आणि ठरावीक काळाने बदलणे हा खर्च गृहीत धरावा लागतो.

छतावरचे लुकलुकणारे दिवे पट्ट्यांची जागा घेऊ शकत नाहीत. काळोखात त्यांची तिरीप इतकी तीव्र होते की गाडीशेजारी उभा असलेला हवालदारच दिसेनासा होतो. दिवे लक्ष वेधतात, पट्टी आकार आणि जागा दाखवते. दोन्ही हवेत.

दुसरी मार्गिका यांच्या म्हणण्याशी जुळणारा एक मध्यम मार्ग सुचवतो. बाजूंच्या खुणा सौम्य ठेवायच्या असतील तर ठेवाव्यात, पण मागच्या दाराच्या आतल्या बाजूला रुंद परावर्तक पट्टे लावावेत. दार बंद असताना ते दिसत नाहीत. ज्या गाड्यांचे मागचे दार वर उघडते, त्यांत ते उघडताच मागून येणाऱ्याला मोठा चमकता फलक दिसतो. खर्च एका टायरच्या किमतीपेक्षाही कमी येईल, असे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

बोरिवलीकर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. दाराच्या आतल्या पट्ट्यांची कल्पना मला फारच पटली, कारण तिच्यामुळे निरीक्षणाचे कामही अडत नाही. २०१६ पासून मुंबईत ई-चलान सुरू आहे आणि वेगाची नोंद कॅमेरे करतात, त्यामुळे किमान शहरात तरी लपून उभे राहण्याची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही, असे माझे मत झाले आहे. वाहतूक विभागाला मी एक विनंतीपत्र लिहीत आहे. त्यात दोनच मुद्दे ठेवतो : रस्त्यावर थांबणाऱ्या प्रत्येक पोलीस गाडीच्या मागे परावर्तक पट्टी असावी आणि संपूर्ण राज्यात तिची रचना एक असावी. परावर्तक, मसुदा इथेच टाकतो. पट्टीची रुंदी आणि प्रत याबद्दलचे वाक्य आपण तपासून द्याल का?

परावर्तक

अवश्य. मसुद्यासोबत त्या गाडीची उंची आपल्याला अंदाजे कितपत वाटली, तेही लिहा. जीपसारख्या उंच गाडीची आणि साध्या मोटारीची पट्टी वेगवेगळ्या उंचीवर येते. आणि सध्याच्या पावसात तो उतार उतरताना डावीकडची मार्गिका शक्यतो टाळा.