मदत हवी आहे: राजानेच कायदा मोडला तर?

मंडळी, जळगावात घडणारी व्हॅम्पायरची कथा लिहितोय, अडकलोय. हिरो खान्देशच्या फारुकी सुलतानांचा सरदार, 1601 ला अकबराने असीरगड घेतला तेव्हापासून जिवंत, आता रात्रीच्या शहराचा राजा. कायदा त्याचाच, परवानगीशिवाय कोणाला आपल्यात ओढलं की मे च्या उन्हात बांधायचं (आपलं 45 डिग्री, तिथं माणूसच टिकत नाही). आणि आता त्याच्या आवडत्या नाईट ड्युटीवाल्या नर्सचा ॲक्सिडेंट होतो अन तिला वाचवायला हाच चावतो! मग स्वतःला बांधून घ्यायचं का कायदा बदलायचा? बदलला तर बाकीचे ऐकतील कशाला? अजून एक, तिचे डायलॉग अहिराणीत हवेत, भुसावळकडची लेवा बोली नको. कोणी धुळे-अमळनेरचं आहे का?